सतरा अंशांवरची दुर्बीण: साताऱ्यातून पाहायचं आणि टिपायचं तर कशाला काय जोडावं

प्रश्न थोडक्यात असा आहे. साताऱ्यात शाहूपुरीत घर, वर मोकळी गच्ची. महिन्यातून एखादी रात्र कासच्या बाजूला किंवा माण-खटावकडे जाता येतं. हाताशी कॅनन १३००डी, सोबत १८-५५ आणि ५५-२५० एसटीएम या दोन लेन्स. खर्चाची तयारी सव्वा लाखाची. मनात भरलाय तो ८ इंची न्यूटोनियन (आरशाची दुर्बीण, फोकल लेंथ १००० मिमी) आणि ईक्यू-५ माउंट (दुर्बीण पेलून ताऱ्यांबरोबर फिरवणारा आधार) असा संच, कारण त्यातून शनी-गुरूही दिसतील आणि तेजोमेघांचे फोटोही निघतील. घ्यावा का?

नको. दुर्बीण वाईट नाही, माउंटही वाईट नाही, पण ही जोडी फोटोसाठी जमत नाही.

आधी वजन बघा. ८ इंची एफ/५ ची नळी कडी आणि डव्हटेलसकट (माउंटवर अडकवायची पट्टी) ९ किलोच्या घरात जाते. तिच्यावर कॅमेरा, कोमा करेक्टर (कडेचे तारे नीट करणारं भिंग) आणि गाइडस्कोप (ट्रॅकिंगवर नजर ठेवणारी छोटी दुर्बीण) चढवला की आकडा ११ किलोला टेकतो. ईक्यू-५ वर्गातल्या माउंटची छापील क्षमता ९-१० किलो, आणि तीही डोळ्याने पाहण्यासाठी. फोटोसाठी छापील आकड्याचा निम्मा, फार तर ६० टक्के धरायचा. म्हणजे ज्या माउंटवर ५-६ किलो शोभतात त्याच्यावर दुप्पट ओझं. त्यात ही नळी जवळजवळ मीटरभर लांब आणि वीतभर रुंद, वाऱ्याला ती शिडासारखीच लागते. चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या उगाच उभ्या केलेल्या नाहीत. तिथे अशी नळी घेऊन गेलात तर प्रत्येक फोटोत ताऱ्यांच्या जागी अळ्या येतील.

दुसरी अडचण फोकसची. १३००डी मध्ये सेन्सर लेन्सच्या माउंटपासून ४४ मिमी आत असतो. टी-रिंग (कॅमेरा दुर्बिणीला जोडणारी कडी) ११ मिमीची. म्हणजे फोकसरच्या (फोकस करायला आत-बाहेर सरकणाऱ्या नळीच्या) टोकापासून ५५ मिमी मागे प्रतिमा पडायला हवी. डोळ्याने पाहण्यासाठी बनवलेल्या बऱ्याच न्यूटोनियनमध्ये फोकसर पूर्ण आत ढकलला तरी प्रतिमा तिथवर पोचत नाही. मग बार्लो (फोकल लेंथ वाढवणारं भिंग) लावा, नाहीतर मुख्य आरसा पुढे सरकवा, नाहीतर बुटका फोकसर बसवा असले उद्योग मागे लागतात. विकणाऱ्याला एकच प्रश्न विचारा, ‘डीएसएलआर थेट लावून, बार्लोशिवाय, चंद्र फोकस होतो का?’ उत्तरात ‘व्हायला पाहिजे’ आलं तर नाही असं समजा.

तिसरी गोष्ट पिक्सेलची, आणि सगळी जुळवाजुळव खरं तर इथून सुरू व्हायला हवी. एक पिक्सेल आकाशाचा किती तुकडा झाकतो हे काढायचं साधं सूत्र आहे: पिक्सेलचा आकार मायक्रॉनमध्ये, गुणिले २०६, भागिले फोकल लेंथ मिलिमीटरमध्ये. उत्तर येतं आर्कसेकंदात, म्हणजे आपल्या विकलेत, अंशाच्या ३६००व्या भागात. १३००डीचा पिक्सेल ४.३ मायक्रॉनचा. १००० मिमीवर तो ०.८९ आर्कसेकंद झाकतो. आपल्याकडे शहराच्या हवेत ताऱ्याचा ठिपका सर्वसाधारण रात्री ३ ते ४ आर्कसेकंद पसरलेला असतो, चांगल्या रात्री २. ठिपक्याच्या रुंदीत दोन-तीन पिक्सेल बसले की पुरतं. त्यामुळे दीड ते अडीच आर्कसेकंद ही आपल्या परिस्थितीत सुखाची जागा. त्याहून बारीक गेलात की तपशील वाढत नाही, फक्त ट्रॅकिंगची प्रत्येक चूक मोठी होऊन दिसते. त्याच कॅमेऱ्याला ४२० मिमीची छोटी ईडी रिफ्रॅक्टर (भिंगाची दुर्बीण) लावली तर २.१, आणि २०० मिमीची लेन्स लावली तर ४.४. या शेवटच्या आकड्याला ईक्यू-५ चीसुद्धा गरज नाही, लहान स्टार ट्रॅकर (नुसता कॅमेरा ताऱ्यांबरोबर फिरवणारं यंत्र) पुरे.

म्हणून सल्ला असा की एकाच दुर्बिणीकडून दोन्ही कामं करून घेण्याचा हट्ट सोडा, नाहीतर एक ना धड भाराभर चिंध्या. डोळ्यासाठी आणि ग्रहांसाठी ८ इंची डॉब्सोनियन (साध्या तळावर हाताने वळवायचा न्यूटोनियन; १२०० मिमी, एफ/६), आणि फोटोसाठी तुमचाच कॅमेरा, तुमचीच लेन्स, खाली ५ किलो क्षमतेचा स्टार ट्रॅकर. पैसे कमी पडले तर डॉब ६ इंची घ्या, ट्रॅकर कापू नका. आणि ट्रॅकरखालचा ट्रायपॉड मजबूत हवा. लग्नाचं शूटिंग करणारे वापरतात तसला वजनदार चालतो, प्रवासात न्यायचा काडीसारखा नाही.

डॉबचं गणित

दुर्बीण किती पट मोठं दाखवते ते म्हणजे तिची फोकल लेंथ भागिले आयपीसची (डोळा लावायच्या भिंगाची). १२०० मिमीला २५ मिमीचा आयपीस ४८ पट देतो, १० मिमीचा १२० पट. आयपीसमधून डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशझोताची जाडी म्हणजे आयपीसची फोकल लेंथ भागिले दुर्बिणीचा एफ-आकडा (तिची फोकल लेंथ भागिले आरशाचा व्यास). २५ मिमीला ती ४ मिमीच्या वर येते. तेजोमेघ आणि तारकागुच्छांना हीच छान. ग्रहांना ०.७ ते १ मिमीच्या मधली लागते, म्हणजे ५-६ मिमीचा आयपीस, २०० ते २४० पट. याच्या वर आपली हवा बहुतेक रात्री साथ देत नाही. सोबत आलेल्या दोन आयपीसवर एक बऱ्यापैकी ६ मिमीचा, ६० अंशांच्या आसपास दृश्यक्षेत्राचा, एवढीच भर घाला. बार्लोंचा ढीग करू नका.

डब्यावर ‘५२५ पट’ छापलेल्या दुर्बिणींचं गणितही याच जागी कळतं. ७०० मिमी फोकल लेंथ, ४ मिमीचा आयपीस, त्यावर ३ पटीचा बार्लो: ७०० भागिले ४ गुणिले ३, झाले ५२५. पण भिंग ७० मिमीचं. मिलिमीटरमागे २ पट ही वरची हद्द, म्हणजे १४०. बाकीचं सगळं धुकं. तसंच १२७ मिमी आरसा आणि १००० मिमी फोकल लेंथ लिहिलंय, पण नळी जेमतेम अर्ध्या मीटरची आहे, अशी दुर्बीण दिसली तर फोकसरच्या आत एक छोटं भिंग कायमचं बसवलेलं असतं. तिचं कोलिमेशन (आरसे एका रेषेत आणणं) जुळवणं नवख्याच्या आवाक्याबाहेरचं असतं. घेऊ नका.

आता गच्ची. आरसीसी स्लॅब दिवसभर तापतो आणि मध्यरात्रीपर्यंत उष्णता सोडत राहतो. मार्च-एप्रिलमध्ये रात्री नऊला गुरू पाण्याखाली ठेवल्यासारखा लवलवतो आणि लोक दुर्बिणीला नावं ठेवतात. संध्याकाळी गच्चीवर दोन बादल्या पाणी मारा, डॉब पाऊण तास आधी बाहेर काढून ठेवा, आणि ग्रह शेजारच्या घराच्या छपरावरून बघण्यापेक्षा अंगणातून, झाडाझुडपांच्या बाजूने बघा. फरक स्वतःच दिसेल.

एक खर्च मात्र इथे वाचतो. परदेशी लेखांत ग्रहांच्या फोटोसाठी वातावरणीय अपस्करण (हवेतून येताना ग्रहाचे रंग फाकणं) दुरुस्त करणारं यंत्र, एडीसी, जवळजवळ सक्तीचं सांगतात. त्यांच्याकडे ग्रह क्षितिजापाशी रखडतात म्हणून. साताऱ्याचा अक्षांश १७.७. ग्रहांचा मार्ग आपल्या डोक्यावरूनच जातो. मिथुनेतला गुरू तर मध्यावर ८५ अंशांच्या वर चढतो. एवढ्या उंचीवर अपस्करण नगण्य. एडीसीचे पैसे २.९ मायक्रॉन पिक्सेलच्या छोट्या ग्रह-कॅमेऱ्यासाठी ठेवा. त्याला एफ-आकडा पिक्सेलच्या तीन ते पाच पट लागतो, म्हणजे एफ/९ ते एफ/१५. तुमच्या एफ/६ डॉबला २ पटीचा बार्लो लावला की एफ/१२, बरोबर मधोमध. पिक्सेलमागे पाव आर्कसेकंद पडतो आणि ४५ आर्कसेकंदांचा गुरू १८० पिक्सेलचा होतो. डॉबला मोटर नाही याची चिंता नको. सेन्सर ३८४० पिक्सेल रुंद असेल तर गुरू एका कडेकडून दुसऱ्या कडेला जायला मिनिटभर घेतो. तो सरकू द्या, व्हिडिओ घ्या, पुन्हा मागे आणा, असे दोन-तीन तुकडे. गुरू दहा तासांच्या आत स्वतःभोवती फिरतो, त्यामुळे सगळा मामला ३ मिनिटांच्या आत उरका. मधोमध आणायचं काम नंतर पिप हा मोफत प्रोग्राम करतो. अडचण एकच: अगदी डोक्यावर आलेल्या ग्रहावर डॉब वळवणं अवघड जातं, तळपाट फिरवायला पकडच राहत नाही. ग्रह ७० अंशांवर असतानाच काम करा.

ध्रुव इतका खाली का, आणि त्याने काय बिघडतं

ट्रॅकर असो की मोठा इक्वेटोरियल माउंट, त्याचा अक्ष ध्रुवाकडे रोखायचा असतो. ध्रुवाची उंची म्हणजे गावाचा अक्षांश: साताऱ्यात १७.७ अंश, सांगलीत १६.९. हात लांब करून पसरलेल्या पंजाच्या अंगठ्यापासून करंगळीपर्यंत जेवढं अंतर, त्याहूनही थोडं कमी. शेजाऱ्याची पाण्याची टाकी, नारळ, क्षितिजावरची धूळ, यातलं काहीही ध्रुवताऱ्याला झाकतं. त्यामुळे जागा निवडताना आधी उत्तर मोकळी आहे का ते बघा, पूर्व-पश्चिम नंतर.

पुढे ईक्यू-५ किंवा त्याहून मोठा माउंट घेणार असाल तर दोन गोष्टी दुकानातच तपासा. एक, अक्षांशाची खालची मर्यादा १५ अंशांच्या खाली जाते का. दुसरी गोष्ट कॅटलॉगमध्ये सापडत नाही. अक्ष १७-१८ अंशांवर आणला की तो जवळजवळ आडवा होतो आणि प्रतिवजनाचा दांडा जवळजवळ सरळ खाली लोंबतो. ट्रायपॉडचा एक पाय उत्तरेला असेल तर वजनं त्याच पायाला घासून जातात. तारा मावळतीकडे कलून दांडा खाली आला की ‘टक्’ असा आवाज येतो, मोटर अडते, आणि सकाळी शेवटचे चाळीस फोटो रेघांचे निघतात. चाळीस अंशांवर राहणाऱ्यांना हा प्रकार सहसा भेटत नाही. उपाय तीन. माउंटची (ट्रायपॉडवरची, उत्तर दिशा ठरवणारी) खुंटी बदलता येत असेल तर उत्तरेला एक पाय न ठेवता दोन पायांमधली फट ठेवा. किंवा मधे २०-३० सेंमी उंचीचा नळा, म्हणजे पिअर एक्स्टेन्शन, घाला. किंवा एका मोठ्या वजनाऐवजी दोन लहान वजनं दांड्यावर जमेल तितकी वर घ्या. कोणताही उपाय केलात तरी दिवसाउजेडी, क्लच सैल करून, दांडा हाताने पूर्ण फिरवून बघा. आणि या कोनात सगळा भार पुढे झुकलेला असतो, म्हणून अक्षांशाचा स्क्रू फिरवताना दुसऱ्या हाताने माउंटला आधार द्या. काही माउंटचे बोल्ट इथेच वाकतात.

ध्रुव जुळवणी किती अचूक हवी? अक्ष ५ आर्कमिनिटांनी (आर्कमिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग) चुकला तर तारा मिनिटाला जास्तीत जास्त १.३ आर्कसेकंद घसरतो. २०० मिमी लेन्सवर तुमचा पिक्सेल ४.४ आर्कसेकंदांचा, म्हणजे मिनिटभराच्या फोटोत कळणारसुद्धा नाही. चूक अर्ध्या अंशाची झाली तर मात्र मिनिटाला ८ आर्कसेकंद, जवळजवळ दोन पिक्सेल. ध्रुवतारा हाच मुळी खऱ्या ध्रुवापासून अर्ध्या अंशाहून जास्त लांब आहे, म्हणजे ‘ध्रुवतारा मधोमध आणला, झालं’ म्हणणाऱ्याची नेमकी एवढी चूक होते. पोलर स्कोपमधल्या (माउंटच्या अक्षातून ध्रुव बघायच्या छोट्या दुर्बिणीतल्या) वर्तुळावर, फोनमधल्या ॲपने दाखवलेल्या ठिकाणीच तो ठेवायचा. क्षितिजाजवळच्या हवेने ध्रुव ३ आर्कमिनिटं वर उचललेला दिसतो, तेवढं तुमच्या कामात चालतं.

उत्तर झाकलेलीच असेल तर आधी होकायंत्राने खरी दिशा धरा. आपल्याकडे चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत एक अंशाहून कमी फरक असतो, पण होकायंत्र लोखंडी ट्रायपॉडपासून दोन हात लांब धरा. मग अक्षांशाच्या खुणेवर कोन लावा. लॅपटॉप जोडता येणारा माउंट असेल तर निना या मोफत प्रोग्राममधली तीन बिंदूंची जुळवणी ध्रुव न दिसताही काम करते: आकाशाचे तीन फोटो घेते, तारे ओळखते आणि किती सरकवायचं ते सांगते.

‘स्मार्ट टेलिस्कोप (फोनवरून चालणारी, कॅमेरा आतच असलेली दुर्बीण) घेतला तर हे सगळं टळेल का?’ हा पुढचा प्रश्न येणारच, तो इथेच उरकू. ही यंत्रं मुळात वर-खाली आणि डावी-उजवीकडे वळतात. तारा मधोमध राहतो, पण चित्र त्याच्याभोवती गरगरतं. हा वेग तासाला अंशांत असा निघतो: १५ गुणिले अक्षांशाची कोसाइन, गुणिले दिगंशाची (उत्तरेपासून मोजलेल्या दिशेच्या कोनाची) कोसाइन, भागिले उंचीची कोसाइन. आपला अक्षांश कमी, त्यामुळे त्याच दिशेला त्याच उंचीवर हे फिरणं लंडनच्या दीडपट. मृगातला तेजोमेघ साताऱ्यात दक्षिणेला ६७ अंशांवर येतो. तिथे वेग तासाला ३७ अंश! १३००डीसारखा मोठा सेन्सर असेल तर ३० सेकंदांत कोपऱ्यातले तारे १६ पिक्सेल लांबतात. तोच तेजोमेघ पूर्वेला चढत असताना, ४० अंशांवर, हा वेग तासाला जेमतेम ७ अंश असतो. आपल्या अक्षांशावर तारे पूर्वेकडून जवळजवळ सरळ वर चढतात ही इथे कमाई. म्हणून अशा यंत्राने पूर्वेची आणि पश्चिमेची वस्तू, ३० ते ६० अंशांवर असताना, १० सेकंदांच्या फोटोंनी टिपायची. लहान सेन्सरमुळे तेवढ्यात ती छान येते. मध्यमंडलावर (माथ्यावरून जाणाऱ्या उत्तर-दक्षिण रेषेवर) चढलेल्या वस्तूच्या मागे लागू नका.

तुमच्या लेन्सने पहिले चार महिने

५५-२५० ला २०० मिमीवर ठेवा, एफ/५.६ किंवा एक पायरी खाली एफ/६.३. आयएस (लेन्सची थरथर रोखणारी सोय) बंद. एसटीएम लेन्सची एक खोड आहे: फोकसची कडी इलेक्ट्रॉनिक असते, यांत्रिक नसते. कॅमेरा झोपला किंवा बंद झाला की फोकस जागेवर राहील याचा भरवसा नाही. ऑटो पॉवर ऑफ बंद करून ठेवा, लाइव्ह व्ह्यू १० पटीवर नेऊन तेजस्वी ताऱ्यावर फोकस करा, बाहतिनॉव्ह मास्क (फोकस नेमका लागला का ते दाखवणारी चिरांची जाळी) लावला तर उत्तम. मग दर तासाला पुन्हा तपासा.

आयएसओ ८०० किंवा १६००, एक्स्पोजर ६० सेकंद. हिस्टोग्रामचं शिखर डावीकडून पाव ते एक तृतीयांशावर हवं. गच्चीवरून ते लवकर उजवीकडे पळतं, मग एक्स्पोजर कमी करा, संख्या वाढवा. एकूण दोन-तीन तास गोळा झाल्याशिवाय फोटोबद्दल मत बनवू नका. दर १०-१५ फोटोंनंतर चौकट हाताने किंचित सरकवा, नाहीतर स्टॅक केल्यावर (सगळे फोटो एकावर एक रचल्यावर) तिरक्या रेघांचा गोंगाट उभा राहतो. त्याच रात्री, त्याच तापमानाला, लेन्सला झाकण लावून २० डार्क (सेन्सरचा गोंगाट वजा करायचे काळे फोटो) घ्या. उन्हाळ्यात हे जास्त महत्त्वाचं, कारण सेन्सरमधला उष्णतेचा प्रवाह (डार्क करंट) दर ६ अंश सेल्सिअसला साधारण दुप्पट होतो आणि एप्रिलची रात्र डिसेंबरच्या रात्रीपेक्षा बरीच गरम असते.

२०० मिमीवर चौकट साधारण सव्वासहा अंश बाय सव्वाचार. देवयानी दीर्घिका, कृत्तिका, मृगाची तलवार सगळं ऐसपैस बसतं. लाल तेजोमेघांत मात्र साधा कॅमेरा मागे पडतो, कारण सेन्सरपुढचा फिल्टर हायड्रोजनचा ६५६ नॅनोमीटरचा प्रकाश बराचसा अडवतो. फिल्टर काढून घ्यायचा निर्णय पहिल्या हिवाळ्यानंतर घ्या.

परदेशी यादीतून वस्तू निवडू नका. तिकडच्या लाडक्या एम८१-एम८२ या दीर्घिका आपल्याकडे ३८-३९ अंशांवरच येतात. उलट आकाशगंगेचा गाभा, जो त्यांना क्षितिजाला चिकटलेला मिळतो, तो आपल्याकडे ४३ अंश चढतो. फक्त जून ते सप्टेंबर पाऊस त्याला गिळतो. म्हणून तो मार्चच्या मध्यात पहाटे साडेचारनंतर, एप्रिलच्या मध्यात दोननंतर, मेमध्ये मध्यरात्रीनंतर टिपायचा. नरतुरंगातला ओमेगा सेंटॉरी हा गोलाकार तारकागुच्छ एप्रिलच्या मध्यात साडेबाराच्या सुमारास दक्षिणेला २५ अंशांवर येतो. ईटा कॅरिनीचा तेजोमेघ मार्चच्या मध्यात मध्यरात्री जेमतेम साडेबारा अंशांवर. साताऱ्यात दक्षिणेला अजिंक्यतारा उभा, त्यामुळे हे काम शहरातून धरूच नका. माण, खटाव, किंवा सांगलीकडचा जत-आटपाडीचा पट्टा यासाठी सरस: कोरडी हवा, दव कमी, सपाट क्षितिज. कासच्या बाजूला पश्चिम काळीभोर मिळते पण पूर्वेला साताऱ्याचा उजेड राहतो, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात दव इतकं पडतं की ट्रायपॉडवरून थेंब गळतात. पठारावर रात्री थांबता येईल असं गृहीत धरू नका, वन विभागाला विचारा. नाहीतर जवळच्या एखाद्या घरगुती मुक्कामाच्या अंगणातून काम होतं. कृष्णाकाठी सांगली-मिरजेत डिसेंबर-जानेवारीत धुकं आणि उसाचं पाचट पेटवल्याचा धूर, दोन्ही एकदम.

दवासाठी लेन्सला गरम पट्टी लागतेच. घरी करायची तर ४७ ओहमचे, १ वॅटचे १० रेझिस्टर समांतर जोडा. एकूण ४.७ ओहम, यूएसबीच्या ५ व्होल्टवर साधारण १ अँपिअर, सव्वापाच वॅट. कापडी पट्टीत शिवून लेन्सच्या पुढच्या कडेभोवती गुंडाळा, काचेला स्पर्श नको. १०,००० एमएएचची पॉवरबँक साधारण सहा तास पुरते. पट्टी दव पडायच्या आधी सुरू करायची; एकदा काच भिजली की फडक्याने पुसू नका, पट्टीनेच वाळू द्या. कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या दोन-तीन ठेवा किंवा एलपी-ई१० च्या आकाराची डमी बॅटरी घ्या. तिला ७.४ व्होल्टच लागतात. गाडीच्या १२ व्होल्टला थेट जोडली तर कॅमेरा गेला.

पुढच्या वर्षीची पायरी, आणि ५५ मिमीचा तिढा

ट्रॅकरवर हात बसला की ७२ मिमी, ४२० मिमीची ईडी रिफ्रॅक्टर आणि १०-११ किलो फोटो-क्षमतेचा माउंट. गाइडिंगला ३० मिमीचा, १२० मिमी फोकल लेंथचा गाइडस्कोप आणि ३.७५ मायक्रॉनचा गाइड कॅमेरा पुरतो: तिथे पिक्सेलमागे ६.४ आर्कसेकंद, मुख्य कॅमेऱ्याच्या तिप्पट. चार-पाच पटीपर्यंत चालतं. पीएचडी-२ या गाइडिंगच्या प्रोग्राममधली एकूण आरएमएस (सरासरी) चूक मुख्य पिक्सेलच्या आकड्याखाली राहिली की तारे गोल. सगळं १२ व्होल्टवर चालतं, पण बारीक आणि लांब वायर वापरली तर थंड होणारा (सेन्सर गार ठेवणारा) कॅमेरा सुरू होताच व्होल्टेज पडतं आणि माउंट मधेच रीसेट होतो. वायर जाड, जमेल तितकी आखूड. कॅमेरा, माउंट, पट्टी, छोटा संगणक मिळून ४-५ अँपिअर; आठ तासांना ४० अँपिअर-तास, म्हणून ५० ची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी.

मग येतो फ्लॅटनर, म्हणजे कोपऱ्यापर्यंत फोकस सपाट करणारं भिंग. त्याच्या मागच्या आट्याच्या कडेपासून सेन्सरपर्यंत, बहुतेक मॉडेलमध्ये, ५५ मिमी हवेत. कॅननचे ४४ आणि टी-रिंगचे ११ म्हणून डीएसएलआरला हे आपोआप जुळतं. थंड कॅमेरा घेतलात की गणित हाताने करावं लागतं: कॅमेऱ्याच्या कडेपासून सेन्सर १७.५ मिमी आत, मग १६.५ आणि २१ मिमीचे दोन नळे, झाले ५५. मधे २ मिमी जाडीचा फिल्टर बसवलात तर त्याच्या जाडीच्या एक तृतीयांश, म्हणजे ०.७ मिमी वाढवायचे. तो पाऊण मिलिमीटरही कोपऱ्यात दिसतो. ओळखायचं असं: कोपऱ्यातले तारे मध्यापासून बाहेर पळाल्यासारखे लांबले असतील तर बहुतेक फ्लॅटनरमध्ये सेन्सर जवळ आहे, अंतर वाढवा. मध्याभोवती फेर धरल्यासारखे लांबले असतील तर दूर आहे, कमी करा. एकाच कोपऱ्यात बिघडलं असेल तर अंतराचा दोष नाही, काहीतरी तिरकं बसलंय.

हवा तो नळा ऑनलाइन मिळाला नाही तर कुपवाड किंवा सातारा एमआयडीसीतला चांगला लेथवाला ॲल्युमिनियमचा करून देईल. त्याला फक्त ‘एम ४२’ सांगून येऊ नका. टी-आट्याचा पिच (दोन आट्यांमधलं अंतर) ०.७५ मिमी, आणि जुन्या स्क्रू-माउंट कॅमेरा लेन्सचा पिच १ मिमी, दोन्ही ४२ मिमीचेच. चुकीचा आटा दीड फेरा बसतो आणि अडकतो, मग जोर लावला की दोन्ही बाजू खराब. मोठा आटा एम ४८, पिच तोच ०.७५. नमुन्याचा भाग सोबत न्या, दोन्ही तोंडं समांतर हवीत हे बजावा, आत काळं ॲनोडायझिंग नाहीतर काळा मॅट रंग मारून घ्या. व्हर्नियरने आटा सोडून फक्त मधली उंची मोजा, कारण आट्याची लांबी समोरच्या भागात शिरते, अंतरात धरायची नसते.

पावसाळ्यात हे सगळं कपाटात गेलं की बुरशीची गाठ पडते. मऊ बॅग आणि चामड्याचं कव्हर दोन्ही ओल धरतात. रबरी कड असलेला प्लास्टिकचा डबा, आत छोटा आर्द्रतामापक, आणि २००-२५० ग्रॅम सिलिका जेल. आकडा ४० ते ५० टक्क्यांत ठेवा. जेलचा रंग बदलला की लोखंडी तव्यावर मंद आचेवर परतून पुन्हा मूळ रंगावर आणायचं आणि पूर्ण गार झाल्यावरच डब्यात टाकायचं; गरम टाकलंत तर डब्यातच वाफ धरेल. डॉब डब्यात मावत नाही. तिची नळी आडवी, दोन्ही झाकणं लावून, घरातल्या सगळ्यात कोरड्या खोलीत ठेवा. आरशावर धूळ दिसली तरी पुसू नका, ऑक्टोबरात झाकण काढाल तेव्हा हवेच्या फुग्याने उडवा.